मनगटावरचा हिरवा दिवा

मुलुंड पूर्वेच्या आमच्या भजनी मंडळात पूर्वी वेळ सांगायचं काम भिंतीवरच्या एकाच घड्याळाकडे होतं. ते सात मिनिटं पुढे असायचं आणि सगळ्यांना ते माहीत असायचं. आता हरिपाठाला बसलेल्या तीस-पस्तीस माणसांपैकी निम्म्यांच्या मनगटावर काळी चौकोनी चकती दिसते. ती क्वचितच कुणी स्वतः विकत घेतलेली असते. मुलाने परदेशातून पाठवलेली, सुनेने वाढदिवसाला दिलेली, नातवाने नवी घेतली म्हणून जुनी आजोबांकडे आलेली, अशा वाटांनी ती येते. टाळ वाजवताना ती जरा सरकली की तिच्या खालून हिरवा उजेड लुकलुकतो. मग शेजारी बसलेलं कुणीतरी हळूच विचारतं, “बाई, हे आत नक्की काय बघतं हो?”

मी एकतीस वर्षं भांडुपच्या शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. ज्येष्ठ लागला, आळंदीला जाण्याच्या पिशव्या भरायला सुरुवात झाली की जास्तच येतो, कारण हल्ली बऱ्याच घरांतली मुलं आई-वडिलांना वारीला पाठवताना हे घड्याळ हातात बांधूनच पाठवतात. आमच्या घरीही दोन वर्षांपूर्वी तसंच झालं. ते पुढे सांगते. आधी त्या दिव्याचं.

लहानपणी दिवे गेले की आपण पेटती बॅटरी तळहाताला टेकवून धरायचो आणि बोटं लालभडक दिसायची. लाल प्रकाश रक्तामांसातून बराच पार जातो. हिरवा जात नाही, रक्त तो शोषून घेतं. घड्याळात हिरवा दिवा असतो तो याचसाठी. हृदयाचा ठोका पडला की मनगटाच्या कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत क्षणभर रक्त वाढतं, हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो आणि परत येणारा उजेड किंचित मंदावतो. ठोक्यानंतर रक्त ओसरतं, उजेड किंचित वाढतो. दिव्याशेजारी प्रकाश टिपणारा एक छोटासा डोळा बसवलेला असतो. तो ही चढउतार टिपत राहतो आणि मिनिटाला असं किती वेळा झालं याचा हिशेब आतला गणक मांडतो.

नाडीवर तीन बोटं ठेवणाऱ्या वैद्यबुवांना ठोका प्रत्यक्ष लागतो. घड्याळाला ठोका लागत नाही. उजेड कमी-जास्त झालेला त्याला दिसतो, त्यावरून ते ठोक्यांचा अंदाज बांधतं. हे मंडळात पटवून द्यायला मी एकदा प्रसादाचं केळं घेतलं आणि त्याला एकाचं स्वस्तातलं घड्याळ बांधलं. थोड्या वेळाने आकडा आला, ७४. सगळे हसले, पण घड्याळाचे मालक जरा खट्टू झाले. केळ्यावरूनही उजेड परततो, हात हलला की तोही थरथरतो, आणि काही घड्याळांचा गणक त्या थरथरीतही ठोके शोधून काढतो. माणसाच्या हातावर, पट्टा नीट आवळलेला असताना आणि माणूस शांत बसलेला असताना, चांगल्या घड्याळाचा हाच अंदाज बराच बरोबर येतो. पट्टा सैल असला, हात जोरात हलत असला, थंडीने कातडीतलं रक्त आखडलेलं असलं, की तो चुकतो.

आमच्याकडे जुन्नरकडच्या एक आजी आहेत. त्यांच्या दोन्ही हातांवर मनगटापासून वरपर्यंत गोंदण आहे, लग्नाच्या आधीचं. मुलाने हौसेने आणलेलं घड्याळ त्यांच्या हातावर एक तर गप्प बसायचं, नाहीतर भलतेच आकडे दाखवायचं. आजी घाबरल्या, आपल्या हाताचं रक्तच आटलंय की काय म्हणाल्या. गोंदणाची शाई हिरवा प्रकाश वाटेतच अडवते, एवढंच ते होतं. घड्याळं बनवणाऱ्या कंपन्याही आपल्या माहितीपत्रकात हे लिहितात, पण माहितीपत्रक वाचतो कोण! आणि मनगट सोडून बांगड्यांच्या वर कोपराकडे घड्याळ बांधणाऱ्या बायाही मी पाहिल्या आहेत. तसं केलं तरी चालतं, पट्टा पुरला तर.

कोरोनाच्या काळात प्रत्येक घरात बोटाला लावायचा चिमटा आला होता, तोही उजेडावरच चालतो. ताकुओ आओयागी नावाच्या जपानी अभियंत्याने १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यामागची युक्ती शोधली. प्राणवायू भरलेलं रक्त आणि प्राणवायू संपलेलं रक्त लाल आणि अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्या दोहोंच्या तुलनेवरून टक्का काढायचा. कोट्यवधी लोकांनी तो चिमटा बोटाला लावला त्याच २०२० साली आओयागी वारले. बोटाच्या आरपार उजेड जातो म्हणून चिमट्याचं मोजमाप भरवशाचं. मनगटाच्या आरपार तो जात नाही, परतणाऱ्या उजेडावर भागवावं लागतं. म्हणून घड्याळातला प्राणवायूचा आकडा एकदा कमी आला तर धावत सुटू नये. चिमटा लावून बघावं आणि धाप लागत असेल तर मात्र दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

पावलांचा भाग वेगळा. त्यासाठी तांदळाच्या दाण्याहून लहान अशी एक चकती असते. तिच्यात सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा नाजूक पात्यांवर तोललेला असतो. हात हलला की तो मागेपुढे सरतो आणि शेजारच्या पात्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं. त्या बदलाची विजेच्या रूपात नोंद होते. चालताना हात ज्या लयीत झुलतात ती लय ओळखून घड्याळ पावलं मोजतं. पाय त्याला कधी दिसतच नाहीत. आता वारकऱ्याच्या हाताचा विचार करा. बसल्या जागी हरिपाठ आणि तीन अभंग टाळावर म्हणून एक गृहस्थ उठले, तेव्हा त्यांच्या नावावर अकराशे पावलं जमा होती. उलट दिंडीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन, घड्याळाचा हात वर धरून चालणारी बाई दिवसभर चालली, आणि घड्याळाने तिला शेजारणीच्या निम्मी पावलंही दिली नाहीत. तिला त्याचं काही नव्हतं. शेजारणीलाच वाईट वाटलं.

रोजच्या दहा हजार पावलांचा नेम हल्ली एकादशीच्या उपासासारखा पाळला जातो. आमच्या इमारतीच्या गच्चीवर रात्री दहा वाजता दोन-तीन माणसं उरलेली आठशे पावलं पुरी करत गोल फिरत असतात. हा आकडा वैद्यकातून आलेला नाही. टोकियोच्या ऑलिंपिकनंतरच्या वर्षी, १९६५ साली, यामासा नावाच्या जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, तो राहिला. पुढे २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे १६,७०० वयस्क स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक राहिला नाही. आमच्या वयाच्या मंडळींनी गच्चीवरून झोपायला जायला हरकत नाही. आळंदी ते पंढरपूर अंतर सुमारे २५० किलोमीटर. दोन फुटांचं पाऊल धरलं तर ती चार लाखांच्या आसपास पावलं होतात. हा हिशेब मी एकदा मंडळात मांडला तेव्हा सगळ्यांना गंमत वाटली, आणि दुसऱ्या दिवशी तो कुणाच्या लक्षातही नव्हता.

आता आमच्या घरचं सांगते.

आमचे हे १९९८ पासून वारी करतात, मीही निवृत्त झाल्यापासून सोबत असते. तीन वर्षांपूर्वी पौषात ते सकाळी न्हाणीघरात कोसळले. मुलाने दार तोडून त्यांना बाहेर काढलं. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले, त्या वर्षीची वारी राहिली. पुढच्या वर्षी ज्येष्ठात यांनी मुकाट्याने माळ्यावरून पिशवी काढली. मुलगा अंधेरीला एमआयडीसीत नोकरीला आहे, मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी असा त्याचा रोजचा प्रवास. त्या संध्याकाळी घरी येऊन त्याने पिशवी पाहिली आणि म्हणाला, “बाबा, नाही.” दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

शेवटी तिघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पट्ट्यावर चालवून तपासणी केली आणि जाऊ द्या म्हणाले. गोळ्या चुकवायच्या नाहीत, पाणी प्यायचं, दमलं की गाडीत बसायचं. घड्याळाचा विषय मुलाने काढला. ठोके कितीच्या वर गेले तर थांबायचं? २२० मधून वय वजा करायचं असं त्याने वाचलं होतं. डॉक्टर म्हणाले, ते गणित यांच्यासाठी विसरा. यांना ठोके आवरणारी बीटा ब्लॉकरची गोळी चालू आहे. तिच्यामुळे श्रम झाले तरी ठोके फार वाढत नाहीत, म्हणून आकडा लहान दिसला म्हणजे शरीर आरामात आहे असं समजू नये. मग यांच्याकडे वळून म्हणाले, “चालताना भजन म्हणता येतंय तोवर काळजी नाही. शेजारच्याशी दोन वाक्यं सलग बोलता येईनात, तिथे बसा. छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखलं तर आकडा बघत बसू नका.” बोलता येतं का हे पाहून श्रमाचं माप घेण्याची रीत जगभरचे डॉक्टर वापरतात. आम्हाला ती फार सोयीची वाटली.

तरी मुलाने घड्याळ आणलंच. त्यात अशी सोय करून दिली की बाबांचे ठोके आणि ते कुठे आहेत हे त्याला आपल्या फोनवर दिसावं. यांनी काही न बोलता हात पुढे केला. वारीला जायला मिळत होतं.

पुणे ते सासवड हा वाटेतला सगळ्यात दमवणारा टप्पा, तीस किलोमीटरांच्या वर, आणि त्यात दिवेघाट. घाटात गर्दी अशी की पुढच्याच्या पताकेपलीकडे काही दिसत नाही. चढ अर्धा झाला असेल, माझा फोन वाजला. “आई, बाबांचे ठोके ११८ झालेत. त्यांना गाडीत बसव.” मी पुढे पाहिलं. हे टाळ घेऊन विणेकऱ्यांच्या मागे चालले होते, घामाने डबडबलेले, आवाज थोडा मागे पडलेला, पण चरण पुरता म्हणत होते. मी म्हटलं, “अरे, ते गातायत.” तो म्हणाला, “आई, ११८!” आणि फोन तुटला. लाखो माणसं आणि त्यांचे फोन एका डोंगराच्या कडेला आल्यावर नेटवर्कचं काय होतं ते वारी केलेल्यांना माहीत आहे.

नंतरचा दीड तास मला काही कळलं नाही. आम्ही चाललो, घाट संपला, पलीकडे पोचून टेकलो. मुलाच्या फोनवर मात्र वडील घाटाच्या मध्यावर उभे होते आणि त्यांचे ठोके ११८ वर थांबलेले होते. घड्याळातला आकडा थेट कुणाकडे जात नाही. तो आधी ब्लूटूथने दहा-पंधरा पावलांच्या आतल्या फोनकडे जातो, फोनकडून टॉवरकडे, तिथून कंपनीच्या कुठल्याशा संगणकाकडे, आणि मग मुलाच्या हातात. या साखळीतली एक कडी सुटली की शेवटचा आकडा तसाच राहतो. थांबलेला आकडा आणि जिवंत आकडा दिसायला सारखेच असतात. किती मिनिटांपूर्वीचा आहे ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण तशा वेळी ते वाचायचं भान कुणाला असतं? त्याने दिंडीचालकांना अठरा फोन लावले, एकही लागला नाही. कचेरीतून तसाच उठला, मेट्रोने घाटकोपरला आला. माझा फोन लागला तेव्हा तो घाटकोपरच्या पुलावर उभा होता, पुण्याची कोणती गाडी मिळेल ते बघत. मागून गाड्यांच्या घोषणा ऐकू येत होत्या. मी हॅलो म्हटलं तर त्याला बोलताच येईना. मी फोन यांच्याकडे दिला. “अरे, चहा पितोय मी,” हे म्हणाले. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

रात्री सासवडच्या मुक्कामी यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. “हे त्याचं आहे,” म्हणाले, “त्याला परत दे.” राग नव्हता, पण आवाजात काहीतरी होतं. मला दोघांचं कळत होतं. घड्याळ यांच्या हातावर होतं हे खरं, पण ते खऱ्या अर्थाने घातलं होतं अंधेरीतल्या माणसाने. ज्याने बापाला न्हाणीघराच्या फरशीवर पाहिलं आहे, त्याला “बघू नकोस” असं सांगून कसं चालेल? आणि पंचवीसेक वर्षं ज्या वाटेवर हा माणूस कुणाच्याही नजरेत नसायचा, तिथे प्रत्येक चढाला त्याच्यावर कुणाचा तरी डोळा असावा, हेही बरं नव्हे. सासवडला पालखी दोन रात्री थांबते, त्याचा उपयोग झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी झाडाखाली बसून मी मुलाशी सविस्तर बोलले. ठोके दिसणं बंद करायचं, ठिकाण दिसू द्यायचं. रोज रात्री आठला मुक्कामावरून मी फोन करायचा. पडल्यावर आपोआप खबर देणारी सोय चालू ठेवायची, कारण न्हाणीघरात ती असती तर उपयोगी पडली असती. जोराचा आपटल्यासारखा धक्का बसला आणि त्यानंतर मिनिटभर हालचाल झाली नाही, तर असं घड्याळ ठरवलेल्या नंबरावर कळवतं. यांनी ते पुन्हा बांधलं. पंढरपूरपर्यंत त्याने एकदाच विचारलं, “तुम्ही पडलात का?” तेव्हा ते आमच्या दिंडीतल्या एका बाईंच्या हातात होतं. त्यांनी हौसेने मागून घातलं, फुगडी खेळल्या आणि धपकन खाली बसल्या.

हे सगळं सुखाचंच झालं. याहून जड गोष्ट मागच्या मार्गशीर्षातली आहे.

आमच्या मंडळाला घाटकोपरहून येणारे एक पखवाजवादक आहेत, वय बासष्ट. त्यांच्याकडे ईसीजी काढणारं घड्याळ होतं. अशा घड्याळाच्या पाठीला एक धातूचा भाग मनगटाला टेकलेला असतो, दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या कडेवर तीस सेकंद ठेवायचं. दोन हातांमधून हृदयापर्यंत एक मंडल पुरं होतं आणि हृदयातल्या विजेची एक रेघ पडद्यावर उमटते. रात्री दोन वाजता त्यांच्या छातीवर दाब आला. उठून त्यांनी बोट ठेवलं. उत्तर आलं, सायनस रिदम. म्हणजे ताल नियमित आहे. पत्नीला दाखवलं, आम्लपित्ताची गोळी घेतली आणि पडून राहिले. सकाळी सातला दरदरून घाम फुटला तेव्हा रुग्णालयात नेलं. हृदयाची एक मुख्य वाहिनी बंद झालेली होती. ती उघडली, जीव वाचला, पण स्नायूचा एक भाग पाच तासांत मेला तो मेलाच.

घड्याळाने खोटं काही सांगितलं नव्हतं. ताल खरोखरच नियमित होता, झटका आलेल्या पुष्कळ माणसांचा असतो. रुग्णालयात छातीवर आणि हातापायांवर दहा ठिकाणी तारा लावून हृदयाकडे बारा बाजूंनी बघतात, शिवाय रक्तही तपासतात, तेव्हा झटका पकडता येतो. कधी कधी पहिल्या ईसीजीत तिथेही दिसत नाही. मनगटावरचं घड्याळ एकाच बाजूने बघतं. या यंत्राला हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही, असं ते वापरायला सुरुवात करताना पडद्यावर लिहून येतं. त्यांनी विचारलेला प्रश्न एक होता आणि घड्याळाला ज्याचं उत्तर ठाऊक होतं तो प्रश्न दुसराच होता. १०८ ला फोन केला असता तर रुग्णवाहिका दारात आली असती. आता ते हरिपाठाला येतात, पण पखवाज त्यांचा शिष्य वाजवतो. ते शेजारी बसून मांडीवर बोटांनी ठेका धरतात. मात्रा चुकली तर नुसते बघतात.

हे ऐकल्यावर मंडळात दोघांनी घड्याळं काढून टाकली. मी त्यांना बोरिवलीच्या आमच्या नातलगांचं सांगितलं. नॅशनल पार्कात रोज सकाळी चालणारे गृहस्थ, तक्रार काही नाही. घड्याळाने आठवड्यात तीनदा कळवलं की ताल अनियमित वाटतोय. त्यांनी जाऊन बाराही बाजूंचा ईसीजी आणि दिवसभराची नोंद काढून घेतली. एट्रियल फिब्रिलेशन निघालं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे तालात आकुंचन न पावता नुसते थरथरत होते. अशा थरथरीत रक्ताची गुठळी होते, ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. आता त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. तालातली चूक ओळखणं हेच या घड्याळाचं खरं काम, ते त्याला जमतं. तरीही ती खबरच असते, निदान नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ॲपल यांनी सुमारे ४,१९,००० लोकांवर केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ०.५२ टक्के लोकांना अशी सूचना आली. त्यांच्यातल्या ज्या ४५० जणांनी छातीवरची पट्टी लावून नोंद परत पाठवली, त्यांपैकी ३४ टक्के लोकांत ती थरथर त्या दिवसांत सापडली. बाकीचे सगळे निरोगीच होते असंही नाही, कारण ती येऊन-जाऊन असते.

रक्तदाब आणि साखरेचं मात्र मी कडक बोलते. स्टेशनाबाहेर हजार-दीड हजारात मिळणारी घड्याळं सुई न टोचता साखर सांगतात असं विकणारा सांगतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावलं की सुई न टोचता स्वतःच्या बळावर साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. आमच्यात मधुमेही पुष्कळ आहेत. असल्या आकड्यावर इन्शुलिन कमी-जास्त केलं तर वाटेतच प्रसंग ओढवेल. रक्तदाबाचं म्हणाल, तर नामांकित कंपन्यांची जी घड्याळं तो सांगतात त्यांतली काही आधी दंडाच्या पट्ट्याशी जुळवून घ्यावी लागतात, आणि सॅमसंगच्या घड्याळात ते दर चार आठवड्यांनी पुन्हा करावं लागतं. मग दंडाचा पट्टाच का वापरू नये?

झोपेचा आकडा तर करमणुकीसाठी घ्यावा. प्रयोगशाळेत झोप मेंदूच्या लहरींवरून मोजतात. घड्याळ हात किती हलला आणि ठोके किती उतरले यावरून ती ताडतं. कार्तिकात काकड आरतीसाठी पहाटे चारला उठणाऱ्या आमच्या मंडळींना महिनाभर सकाळी सकाळी त्याची बोलणी खावी लागतात. ‘झोप अपुरी, आज विश्रांती घ्या.’ एक आजोबा त्याला उलट उत्तर देतात.

यंदा प्रस्थानाच्या आधीच्या रविवारी मंडळात बसून आम्ही सगळ्यांच्या घड्याळांची पाहणी केली. ज्यांत सोय आहे त्यांत नाव, रक्तगट, चालू औषधं आणि घरचा नंबर भरून दिला, आणि तेच एका कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवायला सांगितलं, कारण बॅटरी उतरल्यावर घड्याळ मुकं होतं आणि कागद होत नाही. ज्यांना स्टेंट आहेत त्यांची यादी दिंडीचालकांकडे दिली. कुणाच्या मुलांना काय दिसावं आणि काय दिसू नये हे ज्याने-त्याने घरी बसून ठरवायचं, जाण्याआधी, घाटात नाही. जुन्नरच्या आजींचं घड्याळ त्यांच्या मुलाला परत देऊन टाकलं. चार्जर प्रत्येकाने आपला स्वतःचा न्यायचा आहे. फोनचा एकमेकांना चालतो, घड्याळाचा बहुधा चालत नाही. जनरेटर रात्री सात ते नऊ चालतो, एका फळीवर चाळीस फोन असतात, त्यामुळे घड्याळांचा नंबर पावणेनऊनंतर.